रिचर्ड डरहमची ‘डेस्टिनेशन फ्रीडम’ : रेडिओवर उभं राहिलेलं कृष्णवर्णीय नाटक

सोनसळी
इथे श्रुतिकांवर बरेच धागे आहेत, पण बहुतेक आपल्या आकाशवाणीच्या आठवणींचे. आज जरा लांबचा विषय काढते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांनी आणि नटांनी रेडिओवर जे नाटक केलं त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, आणि रिचर्ड डरहमचं नाव तर मी मराठीत कुठे वाचलेलंच नाही. माझ्या मते तो रेडिओनाटकाच्या थोर लेखकांपैकी एक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात स्टेशनपासून करायला हवी. शिकागोत डब्ल्यूएमएक्यू नावाचं रेडिओ स्टेशन होतं. १९२८ साली तिथून ‘एमॉस अँड अँडी’ सुरू झालं. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे नट कृष्णवर्णीय पात्रांचे आवाज काढायचे. पात्रं म्हणजे दक्षिणेतून शहरात आलेली, कधी भोळसट, कधी लबाड, शब्दांची मोडतोड करून बोलणारी माणसं. पुढच्या वर्षी एनबीसी या देशव्यापी रेडिओ कंपनीने तो कार्यक्रम देशभर नेला. त्याचं वेड इतकं होतं की सिनेमाची थिएटरं त्या पंधरा मिनिटांपुरता चालू सिनेमा थांबवून प्रेक्षकांना रेडिओ ऐकवत. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९३१ मध्ये दहा लाख सह्या गोळा करायचं ठरवून निषेधाची मोहीम काढली. कार्यक्रम चालूच राहिला.

त्याआधीच्या मिन्स्ट्रेल खेळांमध्ये गोरे नट तोंडाला काळं फासून रंगमंचावर येत. रेडिओवर तेवढेही कष्ट उरले नाहीत. आवाज बदलला की काम झालं.

आता त्याच डब्ल्यूएमएक्यूवर वीस वर्षांनी काय झालं ते बघा. २७ जून १९४८, रविवार. अर्ध्या तासाचं एक नाटक लागलं, क्रिस्पस अ‍ॅटक्सवर. १७७० साली बॉस्टनमध्ये ब्रिटिश शिपायांनी गोळीबार केला, त्यात पहिला बळी गेला तो हा कृष्णवर्णीय माणूस. मालिकेचं नाव ‘डेस्टिनेशन फ्रीडम’. लेखक रिचर्ड डरहम, वय वर्षं तीस, जन्म मिसिसिपीतला, लहानपणीच कुटुंबाबरोबर शिकागोत आलेला. सुरुवातीला ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा पाठिंबा होता, पुढे काही काळ अर्बन लीग या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा. १९५० च्या ऑगस्टपर्यंत नव्वदहून अधिक भाग झाले आणि सगळे याने एकट्याने लिहिले. दर आठवड्याला नवं चरित्र, नवी रचना! ज्यांनी एक तरी श्रुतिका लिहिली आहे त्यांना यातली मेहनत कळेल.

मला खिळवून ठेवलं ते त्याच्या निवेदकांनी. आपल्याकडे चरित्रात्मक श्रुतिका म्हटली की एक धीरगंभीर आवाज येतो आणि ‘सन अमुक, गाव तमुक’ सुरू होतं. डरहमचा एक भाग आहे ‘द हार्ट ऑफ जॉर्ज कॉटन’. विषय डॉ. डॅनियल हेल विल्यम्स. शिकागोत गोऱ्यांच्या रुग्णालयांत कृष्णवर्णीय डॉक्टरांना आणि परिचारिकांना दारं बंद होती, तेव्हा याने १८९१ मध्ये प्रॉव्हिडंट हॉस्पिटल काढलं, आणि १८९३ मध्ये छातीत सुरा लागलेल्या माणसाची छाती उघडून हृदयाच्या वेष्टनाला टाके घातले. तो माणूस जगला. क्ष-किरणांचा शोध अजून लागायचा होता, रक्त चढवायची सोय नव्हती. ही गोष्ट डरहमने एका हृदयाच्या तोंडून सांगितली आहे. टेबलावरचं उघडं हृदय स्वतः बोलतं.

रंगमंचावर हे करायला गेलात तर हास्यास्पद होईल. कॅमेऱ्याने केलं तर किळसवाणं. आवाजात ते अगदी सहज बसतं. आणि इथे मला डरहमची हुशारी दिसते. ज्या माध्यमात नट दिसत नाही म्हणून दोन गोऱ्यांनी एका अख्ख्या समाजाचा आवाज पळवला, त्याच माध्यमातलं ते न दिसणं त्याने आपल्या कामाला लावलं. हृदयाला कातडी नसते. श्रोता गोरा असो की काळा, त्याच्या छातीतही तेच धडधडत असतं. हे तो भाषणात सांगत बसत नाही, कोण बोलतंय एवढंच ठरवतो.

बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनवरचा भाग कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेची चाल घेऊन यमकात लिहिलाय, ‘द राइम ऑफ द एन्शंट डॉजर’. शुगर रे रॉबिन्सन या मुष्टियोद्ध्यावरचा भाग एका स्वप्नाभोवती फिरतो. १९४७ मध्ये क्लीव्हलंडच्या लढतीआधी रॉबिन्सनला स्वप्न पडलं की आपल्या हातून समोरचा जिमी डॉईल मरतोय. त्याने लढायला नकार दिला, लोकांनी समजूत घातली, तो लढला, आणि डॉईल खरोखर त्या ठोशांनी गेला. नायकाच्या हातून माणूस मेलाय अशी गोष्ट गौरवाच्या मालिकेत घ्यायला धाडस लागतं.

शेवट वाईट झाला. डरहमने मालिका सोडल्यावर स्टेशनने मालिकेचं नाव तेच ठेवलं आणि अमेरिकन क्रांतीतला नायक पॉल रिव्हियर याला सूत्रधार करून सरधोपट देशभक्तीच्या गोष्टी चालवल्या. मॅकार्थीचा, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागण्याचा काळ सुरू झाला होता. पुढे डरहमने एनबीसीवर दावा लावून आपले हक्क परत मिळवले.

मालिकेतल्या बऱ्याच भागांची ध्वनिमुद्रणं टिकली आहेत आणि इंटरनेट आर्काइव्हवर ऐकता येतात. कुणी आधी ऐकलं असेल तर जरूर लिहा. दुसऱ्या देशांतल्या अशा कामाबद्दल माहिती असेल तर तीही हवी आहे.

अनुप_सातारकर
पहिल्यांदाच ऐकलं हे नाव. दोन भाग डाउनलोडला लावलेत. एक शंका: रेडिओवर नट दिसतच नाहीत, मग या वेळी खरे कृष्णवर्णीय नट बोलतायत हे श्रोत्यांना कळायचं कसं? आणि नट कोण होते?

सोनसळी
@अनुप, ऑस्कर ब्राउन ज्युनिअर, फ्रेड पिंकार्ड, जॅनिस किंग्जलो, वेझलिन टिल्डन ही त्यातली मुख्य मंडळी. काही भागांत स्टड्स टर्कल हा गोरा नटही आहे, पुढे मुलाखतींसाठी प्रसिद्ध झाला तोच. म्हणजे कातडी बघून दारं बंद करणं हा डरहमचा विचार नव्हता. ऑस्कर ब्राउन पुढे गायक-गीतकार झाला. १९६० चा जॅझ ड्रमवादक मॅक्स रोचचा ‘फ्रीडम नाउ सूट’ ऐकला असेल तर त्यातली गीतं त्याची.

कळायचं कसं, तर शिकागोच्या साउथ साइड या कृष्णवर्णीय वस्तीत ही सगळी माणसं लोकांच्या ओळखीची होती आणि ‘डिफेंडर’ घरोघर जात होता. पण खरं उत्तर संहितेत आहे. ही पात्रं आपापसात बोलतात तेव्हा कुठला गोरा मालक चोरून ऐकतोय असं वाटत नाही. ‘एमॉस अँड अँडी’ची पात्रं सतत कुणाला तरी हसवायला बोलतात. दोन्हीचे एकेक भाग लागोपाठ ऐका, पाच मिनिटांत फरक कळतो.

माधवकाका
सोनसळीताई, उत्तम विषय. मी आकाशवाणीच्या नाट्यविभागात बरीच वर्षं बी हाय ग्रेडचा कलाकार म्हणून कामं केली, त्यामुळे हृदयाच्या निवेदनाबद्दल वाचून लगेच डोक्यात चक्रं फिरली की हे करायचं कसं.

माझा अनुभव सांगतो. असं पात्र वठवायचं तर आवाजाला कारागिरी करायची नाही. घोगरा काढला, प्रतिध्वनी लावला की भुताची गोष्ट होते. माइकच्या अगदी जवळ जायचं, ओठ आणि माइक यांत चार बोटांचं अंतर, तोंड किंचित तिरपं म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ फुटत नाहीत, आणि कुजबुजीच्या जरा वरच्या पट्टीत बोलायचं. बाकीच्या पात्रांना हात-दीड हात लांब उभं करायचं. श्रोत्याला आपोआप वाटतं की डॉक्टर आणि नर्स खोलीत आहेत आणि हा आवाज माझ्या आतून येतोय. कागद उलटताना आवाज होऊ नये म्हणून आम्ही संहितेची पानं सुटी करून हातात धरायचो आणि वाचून झालेलं पान हळूच गालिच्यावर सोडायचो. त्या काळात शिकागोतही फार वेगळं नसणार, कारण कार्यक्रम थेट जायचा, रीटेकला वावच नाही.

आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी ज्यांनी ऐकलेत त्यांना ठाऊक असेल की नुसत्या आवाजाने माणूस घरातला कसा होतो. ही ताकद केवढी, आणि चुकीच्या हातात गेली तर घात किती मोठा, हे एमॉस-अँडीच्या उदाहरणाने नीट समजलं.

निळी_पहाट
धागा वाचून राहवलं नाही. माधवकाका, तुम्ही घात म्हणालात म्हणून लिहिते.

आपल्या रेडिओवर आणि नाटकांत गडी, मोलकरीण, शिपाई, वडारीण यांचे आवाज वर्षानुवर्षं कुणी काढले? भाषा कशी असायची? ‘अवो, म्या काय म्हंतो’ झालं की प्रेक्षागृहात हशा. ज्या बोलीत माझी आजी रडली, भांडली, जिने आम्हाला वाढवलं, ती बोली मराठी नाटकात आली की विनोदाच्या खात्यावर. काळ्या माणसाच्या इंग्रजीचं एमॉस-अँडीच्या त्या दोन गोऱ्या नटांनी जे केलं तेच हे. फरक एवढाच की त्यावर कुणी सह्यांची मोहीम काढली नाही.

आपला या गोष्टीशी संबंधही जुना आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं म्हणून. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या शेजारी. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रो काँग्रेसच्या निवेदनाची प्रत मागितली, आणि डु बॉइसनी उत्तर दिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणि सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे हेही ऐकायचंच नाटक होतं. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत इतिहास पोचवायचा म्हणून रात्र रात्र चालायचं. डरहमने अर्ध्या तासात जे केलं ते आमच्या जलसाकारांनी ढोलकी-तुणतुण्यावर केलं.

मला एक विचारायचंय. डरहमचे नायक बोलीत बोलतात की शुद्ध पुस्तकी इंग्रजीत?

सोनसळी
@निळी_पहाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आजीच्या बोलीबद्दल लिहिलंत ते अगदी खरं आहे. श्रुतिकांच्या वाचनाला बसल्यावर ‘जरा गावरान करा ना’ ही सूचना मीही ऐकली आहे, आणि दिग्दर्शकाला त्यातून काय हवं असायचं ते सगळ्यांना माहीत असायचं.

प्रश्नाचं उत्तर: बहुतेक नायक सरळ, नेटक्या इंग्रजीत बोलतात. त्यात लय असते, चर्चमधल्या प्रवचनाची छाया असते, पण शब्दांची मोडतोड नसते. वीस वर्षं श्रोत्यांच्या कानात जे भरलं होतं ते काढायला त्याने हा मार्ग धरला असावा असं मला वाटतं. पण हा वाद कृष्णवर्णीय लेखकांमध्येही होता. झोरा नील हर्स्टनने १९३७ च्या कादंबरीत फ्लोरिडाची बोली जशीच्या तशी आणली, तेव्हा रिचर्ड राइटने टीका केली की ही मिन्स्ट्रेल खेळाची परंपरा चालवतेय. आज हर्स्टनचं ते पुस्तक विद्यापीठांत शिकवलं जातं.

निळी_पहाट
मग मी हर्स्टनच्या बाजूने. बोली पळवली गेली म्हणून आपणच ती सोडून द्यायची, हे मला पटत नाही. ती बोलणाऱ्या माणसाच्या हाती माइक द्या, मग बघू कोण हसतं.

विक्रम_ना
मी काल तीन भाग ऐकले. वेगळं मत मांडतो, राग नसावा. लेखन चांगलं आहे पण बऱ्याच ठिकाणी उपदेश होतो. शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी स्वातंत्र्यावर भाषण देतंच. नायक सगळे संतासारखे. शाळेच्या स्नेहसंमेलनातली थोर पुरुषांची चरित्रं आठवली. ऐतिहासिक महत्त्व मान्य, पण नाटक म्हणून आज किती उरतं?

सोनसळी
@विक्रम, राग कशाला? काही भाग भाषणबाज आहेत हे मलाही जाणवलं. पण तुम्ही कुठले ऐकलेत त्यावर बरंच अवलंबून आहे. मुष्टियोद्ध्याच्या भागात संत कुणीच नाही, तिथे एक घाबरलेला माणूस आहे ज्याला आपल्याच मुठींची भीती वाटते.

दुसरं, त्या श्रोत्याच्या जागी बसून बघा. १९४८ मध्ये शिकागोतल्या कृष्णवर्णीय मुलाच्या शाळेच्या पुस्तकात टूसँ लूव्हर्त्यूर नव्हता, डेन्मार्क व्हेसी नव्हता, आयडा वेल्स नव्हती. डरहमला आधी ही माणसं अस्तित्वात होती एवढंच सांगायला वेळ खर्चावा लागत होता. ज्या समाजाची चरित्रं आधीच शंभरदा सांगून झाली आहेत त्याच्या लेखकाला गुंतागुंतीत शिरायची मोकळीक असते. डरहमला ती नव्हती, आणि तरी त्याने हृदयाला बोलतं केलं. मी तरी यासमोर मान तुकवते.

मीनल_शिकागो
सोनसळी, तू माझ्या गावाबद्दल लिहिलंस! आम्ही उपनगरात राहतो, पण साउथ साइडला जाणं होतं. थोडी भर घालते.

डरहमला ही चरित्रं सापडली कुठे, याचंही उत्तर आहे. मिशिगन अव्हेन्यूवर ४८ व्या रस्त्याशी हॉल ब्रांच नावाचं सार्वजनिक वाचनालय आहे. १९३२ मध्ये ते सुरू झालं तेव्हा व्हिव्हियन हार्श तिथल्या प्रमुख होत्या, शिकागोच्या सार्वजनिक वाचनालयांतल्या पहिल्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची पुस्तकं, कात्रणं, हस्तलिखितं त्या एकेक करून जमवत गेल्या. डरहम तिथे बसून वाचायचा. तो संग्रह आता हॅलस्टेड रस्त्यावरच्या वुडसन वाचनालयात आहे, हार्शबाईंच्याच नावाने, आणि डरहमचे स्वतःचे कागदही तिथेच ठेवलेत. ज्या कपाटांतून त्याने गोष्टी उचलल्या त्यांच्याच शेजारी त्याच्या संहिता!

आणि नव्या काळातलं एक सुचवते. २०१७ मध्ये ‘ब्रॉन्झव्हिल’ नावाची पॉडकास्ट मालिका आली, लॉरेन्स फिशबर्न आणि लॅरेन्झ टेट यांची. १९४० च्या दशकातला शिकागोचा कृष्णवर्णीय मोहल्ला आणि तिथला आकड्यांचा धंदा, म्हणजे अगदी आपल्या मटक्यासारखा. बँका कर्ज देत नव्हत्या, तेव्हा मोहल्ल्यातल्या कितीतरी उद्योगांना पैसा या धंद्यातून मिळाला. त्यामुळे मालिकेत गुन्हेगार कोण आणि सावकार कोण हे सरळ ठरवता येत नाही. विक्रम, संत नको असतील तर ही ऐका. :)

देवदत्त_पी
आफ्रिकेकडे वळूया का? वोले सोयिंका १९८६ च्या नोबेलमुळे सगळ्यांना माहीत, पण त्याने रेडिओसाठीही लिहिलं आहे. ‘कॅमवूड ऑन द लीव्ह्ज’ १९६० च्या सुमाराचं नायजेरियातलं रेडिओनाटक, आणि ‘अ स्कर्ज ऑफ हायसिंथ्स’ १९९१ मध्ये बीबीसी रेडिओ फोरवर झालं. मधल्या काळात, १९६५ साली, इबादानच्या रेडिओ स्टेशनात पिस्तूल घेऊन शिरून निवडणूक लुबाडणाऱ्या मुख्यमंत्र्याच्या भाषणाची टेप बदलल्याचा खटला त्याच्यावर झाला. तांत्रिक मुद्द्यावर सुटला. आवाजाची ताकद एखाद्या नाटककाराला किती नेमकी कळावी!

दक्षिण आफ्रिकेत के. ई. मसिंगा हा झुलू भाषेत बोलणारा पहिला कृष्णवर्णीय निवेदक, १९४१ पासून. त्याने शेक्सपिअरची नाटकं झुलूत आणून रेडिओवर केली. पुढे वर्णद्वेषी सरकारने ‘रेडिओ बांटू’ काढलं ते लोकांना टोळ्यांमध्ये वाटून ठेवायला. पण त्याच स्टेशनांवरच्या झुलू मालिका घराघरात ऐकल्या गेल्या आणि भाषा जिवंत, आधुनिक राहिली. मालकाच्या स्टेशनवर बसून आपलं काम करून घेणं, हे डरहमसारखंच.

अनुप_सातारकर
अलीकडचं रंगमंचाशी थेट जोडलेलं काही आहे का? पॉडकास्ट वेगळं, मला थिएटर म्हणायचंय.

मीनल_शिकागो
@अनुप, हो. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरचं ‘रिचर्ड द सेकंड’ सेंट्रल पार्कमध्ये व्हायचं होतं, महामारीत रद्द झालं. दिग्दर्शक सहीम अली, राजाच्या भूमिकेत आंद्रे हॉलंड. मग त्यांनी डब्ल्यूएनवायसी रेडिओबरोबर तेच नाटक जुलैमध्ये चार रात्रींत ऐकवलं. नट आपापल्या घरी बसून बोलत होते. जॉर्ज फ्लॉइडला मारून दोन महिनेही झाले नव्हते, आणि प्रयोग ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर चळवळीला अर्पण केला होता. मधे मधे नटांशी गप्पा होत्या. ‘नुसता आवाज’ म्हणून कुणाला त्यांची ओळख बाजूला ठेवता येऊ नये, हा विचार त्यात दिसतो.

कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सनची दहाच्या दहा नाटकंही २०१३ मध्ये डब्ल्यूएनवायसीच्या ग्रीन स्पेसमध्ये श्रोत्यांसमोर वाचून ध्वनिमुद्रित केली आहेत. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकाचं एक नाटक.

माधवकाका
विल्सनचं ऐकायलाच हवं. ताई, नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘डेस्टिनेशन फ्रीडम’चे कोणते भाग आधी घ्यावेत? आमच्या कट्ट्यावर दर महिन्याला एक श्रुतिका एकत्र ऐकतो. इंग्रजी सगळ्यांना झेपेल असं हवं.

सोनसळी
काका, कट्ट्यासाठी आधी ‘द हार्ट ऑफ जॉर्ज कॉटन’ घ्या. गोष्ट सरळ आहे आणि हृदयाच्या निवेदनावर तुमच्याकडेच बोलायला भरपूर आहे. मग ‘रेल्वे टु फ्रीडम’, हॅरिएट टबमनवरचा. पाठलागाची गोष्ट असल्याने शब्द सुटले तरी कळतं. मुष्टियोद्ध्याचा ‘प्रिमोनिशन ऑफ द पँथर’ तिसरा. बेसबॉलचा शेवटी ठेवा, यमकं आणि न्यूयॉर्कची बोली यामुळे तो अवघड जातो. ध्वनिमुद्रणात खरखर आहे, तेव्हा फोनच्या स्पीकरवर नको, बरा स्पीकर लावा. आणि शक्य असेल तर निळी_पहाटला बोलवा, बोलीच्या मुद्द्यावर मला तिचं अजून ऐकायचंय.

निळी_पहाट
पुण्यात असेल तर येते. येताना माझ्याकडे जलशांची काही जुनी ध्वनिमुद्रणं आहेत ती आणीन, पहिला अर्धा तास त्यांना द्या.

माधवकाका
पुण्यातच, सदाशिव पेठ. अर्धा काय, तासभर घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.